फायरफॉक्स १४० ईएसआर: फॉर्म भरून देणाऱ्या दुकानातून

ज्यांचं काम दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज भरायचं आहे, त्यांनी फायरफॉक्सची १४० क्रमांकाची ईएसआर (म्हणजे वर्षभर न बदलणारी) आवृत्ती मुख्य ब्राउझर म्हणून ठेवावी असं माझं ठाम मत झालं आहे. शेजारी क्रोमियमवर (क्रोमच्या खुल्या पायावर) चालणारा, क्रोम किंवा एजसारखा एखादा दुसरा ब्राउझर ठेवावाच लागतो. तो कुठे लागतो तेही सांगते. पण पहिला मान फायरफॉक्सचा, आणि त्याचं कारण वेग नाही. लोकांची कामं एकमेकांत न मिसळता, एकाच यंत्रावर, एकाच वेळी करता येतात हे त्याचं कारण आहे.

माझं दुकान गोव्यात, डिचोलीच्या बाजारात आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, मराठी-इंग्रजी टायपिंग आणि ऑनलाईन अर्ज. मये, साखळी, नार्वे, पिळगावकडची माणसं येतात. रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, गृहिणींसाठीच्या गृह आधार योजनेची कागदपत्रं, मुलीचं लग्न ठरलं की लाडली लक्ष्मी योजनेची मदत, वयस्कर माणसांचं दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचं काम, शिवाय कॉलेजचे प्रवेश आणि नोकऱ्यांचे अर्ज. दोन संगणक विंडोज १० वर आहेत, एक जुना डेबियन या मोफत लिनक्स प्रणालीवर. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि नवा प्रोसेसर माझ्या यंत्रांत नाही आणि सगळी यंत्रं एकदम बदलणं परवडण्यासारखं नाही. तेव्हा ब्राउझर असा हवा, जो आहे त्या यंत्रावर सुरक्षित राहील.

ईएसआरबद्दल थोडं सांगते, कारण फायरफॉक्सच्या पहिल्या पानावरून डाउनलोड केलं तर ही आवृत्ती मिळत नाही. सगळ्या आवृत्त्यांच्या यादीत जाऊन निवडावी लागते. साधा फायरफॉक्स साधारण दर चार आठवड्यांनी नवा होतो. ईएसआर वर्षभर जागचा हलत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात, पण बटणं इकडची तिकडे होत नाहीत. दुकानासारख्या ठिकाणी हे फार मोलाचं आहे. समोर माणूस उभा असताना कालपर्यंत जिथे होतं तिथे मेनू न सापडणं मला परवडत नाही. आधीची ईएसआर १२८, जुलै २०२४ मधली. १४० आली २४ जून २०२५ ला. मधल्या वर्षात साध्या फायरफॉक्समध्ये हप्त्याहप्त्याने आलेल्या गोष्टी ईएसआरवाल्यांच्या पदरात एकदम पडल्या: उभे टॅब, टॅबचे गट, पीडीएफवर सही, नको असलेला टॅब मेमरीतून उतरवून ठेवणं. मी पावसाळाभर, चवथीच्या गर्दीतून दिवाळीपर्यंत त्यावर काम केलं आहे. त्यातून जे दिसलं ते हे.

सगळ्यात मोठी सोय आधी. दुकानात एकाच सरकारी पोर्टलवर एका वेळी तीन-चार माणसांची खाती उघडी असतात. एक आजी आणि तिचे दोन मुलगे येतात, तिघांचंही काम त्याच पोर्टलवर. आजीचा ओटीपी सुनेच्या फोनवर जाणार आणि सून घरी. "बाय, सुनेक फोन करतां, मातशें राव," असं थोरला म्हणतो. तोवर त्याचा अर्ज सुरू करावा, तर साध्या ब्राउझरात आजीला लॉगआउट करावं लागतं, कारण पोर्टल माणसाला ओळखतं ते कुकीवरून, म्हणजे साइटने ब्राउझरात ठेवलेल्या खुणेच्या छोट्या नोंदीवरून, आणि एका ब्राउझरात त्या साइटच्या कुकींचा संच एकच. नवा टॅब उघडला तरी आत आजीच बसलेली असते. खासगी खिडकी उघडून एका माणसापुरती वाट निघते. पण फायरफॉक्समध्ये सगळ्या खासगी खिडक्या आपसांत कुकी वाटून घेतात, त्यामुळे तिसऱ्या माणसाला पुन्हा जागा नाही.

यावर फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचंच एक मोफत ॲड-ऑन (ब्राउझरला वरून जोडायची सोय) आहे, मल्टी-अकाउंट कंटेनर्स. प्रत्येक कंटेनरच्या कुकी वेगळ्या राहतात, कपाटात प्रत्येक गिऱ्हाइकाची फाईल वेगळी असावी तशा. टॅबवर त्या कंटेनरचा रंग दिसतो. आजी निळ्यात, थोरला हिरव्यात, धाकटा नारिंगीत. तिघंही एकाच पोर्टलवर, एकाच खिडकीत, एकमेकांना न भिडता. सुनेचा फोन लागेपर्यंत थोरल्याचा अर्ज अर्धा होतो. क्रोममध्ये हेच करायला प्रत्येकासाठी वेगळी प्रोफाइल आणि वेगळी खिडकी लागते. छोट्या पडद्यावर तीन खिडक्यांत कुणाचं काय चाललंय हे लक्षात ठेवणं जड जातं, आणि एकाची माहिती दुसऱ्याच्या अर्जात पडणं ही या धंद्यातली सगळ्यात वाईट चूक. उत्पन्नाच्या दाखल्यात शेजाऱ्याचा आकडा गेला तर मामलेदार कार्यालयात खेपा त्या माणसाला घालाव्या लागतात.

कंटेनर जुने आहेत, पण १४० मध्ये त्यांच्या जोडीला टॅबचे गट आल्याने त्यांचा खरा उपयोग होऊ लागला. एक टॅब उचलून दुसऱ्यावर ठेवला की गट होतो, त्याला नाव आणि रंग देता येतो. मी नाव देवनागरीत देते, नुसतं "आजी, मये" एवढं. गटावर क्लिक केलं की तो मिटतो. ओटीपीसाठी, फोटोसाठी, विसरलेल्या आधार कार्डासाठी थांबलेलं माणूस मिटून ठेवायचं आणि पुढचं घ्यायचं. बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत पाच-सहा गट मिटलेले असतात आणि तरीही टॅबची पट्टी वाचता येते.

इथेच या आवृत्तीची मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट आहे. गट आणि कंटेनर यांची एकमेकांशी ओळख नाही. निळ्या कंटेनरमधल्या पानावरच्या दुव्यावरून नवा टॅब उघडला तर तो निळ्यातच राहतो, हे ठीक. पण आजीच्या गटात असताना साधा नवा टॅब उघडला तर तो कोणत्याच कंटेनरमध्ये नसतो. अधिकच्या चिन्हावर उजवं क्लिक करून कंटेनर निवडावा लागतो. माझ्या भाचीला, जी कॉलेजनंतर हाताशी येते, हे मला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. गटाला एक कंटेनर नेमून देण्याची सोय आली तर आमच्यासारख्यांचं अर्धं लक्ष मोकळं होईल. दुसरं असं की कंटेनर फक्त कुकी आणि साइटचा साठा वेगळा ठेवतात. इतिहास, बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड सगळ्यांचे मिळून एकच. म्हणून दुकानाच्या यंत्रावर पासवर्ड साठवायला विचारणंच बंद करून टाकावं आणि ब्राउझर बंद होताना कुकी पुसल्या जाव्यात अशी सेटिंग ठेवावी. या दोन गोष्टी न करता कंटेनर वापरले तर फसवी सुरक्षितता वाटते.

उभे टॅब मला आवडले, पण मोठ्या पडद्यावरच. डाव्या बाजूला टॅबची नावं एकाखाली एक येतात, आणि "अर्जाची स्थिती" आणि "अर्जाचा नमुना" यांतला फरक वाचता येतो, आडव्या पट्टीत दोन्ही "अर्जाच..." एवढंच दिसतं. छोट्या जुन्या पडद्यावर मात्र ती बाजूची पट्टी रुंदी खाते, आणि ठरावीक रुंदीची बांधलेली पोर्टलं मग आडवी सरकवत बसावी लागतात. "पुढे" हे बटण उजवीकडे दडलं की समोरचा माणूस अस्वस्थ होतो. त्या यंत्रावर मी पट्टी मिटवून नुसती चिन्हं ठेवते.

वीज जाण्याबद्दल बोलल्याशिवाय गोव्यातल्या पावसाळ्याचा कोणताही अनुभव पुरा होत नाही. डिचोलीत जून-जुलैत दिवसाला कितीदा वीज जाईल सांगता येत नाही, आणि यूपीएसची बॅटरी म्हातारी. फायरफॉक्स उघड्या टॅबची स्थिती दर पंधरा सेकंदांनी लिहून ठेवतो. वीज आली, संगणक चालू केला, की गट त्यांच्या नावांसकट, टॅब त्यांच्या कंटेनरच्या रंगासकट परत येतात. पोर्टलने मधल्या वेळात लॉगआउट केलं असेल तर त्याला ब्राउझर काही करू शकत नाही. पण कुणाचं काम कुठवर आलं होतं हे समजतं, आणि रांगेतल्या माणसांना पुन्हा "तुमचं काय होतं?" असं विचारावं लागत नाही.

मेमरीचं बोलायचं तर चार जीबी रॅमवर गर्दीच्या वेळी कोणताही आजचा ब्राउझर धापा टाकतो, फायरफॉक्सही. १४० मध्ये टॅबवर उजवं क्लिक करून तो मेमरीतून उतरवता येतो. टॅब जागेवर दिसत राहतो, क्लिक केलं की पान पुन्हा लोड होतं. निकालाचं पान, सूचनापत्रक, पंचायतीची नोटीस यांसाठी हे उत्तम. अर्धा भरलेला अर्ज मात्र कधीही उतरवू नका. पान पुन्हा लोड होताना सेशन संपलेलं असलं तर भरलेलं सगळं जातं. माझ्या मते उतरवलेला टॅब आणखी फिका दिसायला हवा होता, म्हणजे घाईत कळलं असतं.

पीडीएफच्या बाबतीत फायरफॉक्स मला सगळ्यांच्या पुढे वाटतो. काही सरकारी आणि बँकांचे अर्ज एक्सएफए नावाच्या प्रकारात असतात. ते दुसऱ्या ब्राउझरात उघडले की "कृपया थांबा" अशा अर्थाचं एकच इंग्रजी पान दिसतं, आणि कितीही थांबलं तरी पुढे काही येत नाही. फायरफॉक्स हे अर्ज २०२१ मधल्या ९३ व्या आवृत्तीपासून उघडतो आणि भरूही देतो. आता १४० मध्ये पीडीएफवर सहीची प्रतिमाही टाकता येते: माउसने काढा, टाईप करा किंवा स्कॅन केलेली सही आणा. पूर्वी सही करायला अर्ज छापायचा, सही घ्यायची, परत स्कॅन करायचा. त्यातले दोन कागद आणि थोडी शाई आता वाचते. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवायलाच हव्यात. सही साठवून ठेवायची चौकट असते. दुकानाच्या यंत्रावर ती रिकामी ठेवा, नाहीतर एका माणसाची सही पुढच्या माणसाच्या यादीत दिसेल. आणि ही सही म्हणजे डिजिटल स्वाक्षरी नव्हे, ती नुसती प्रतिमा आहे. उलट बाजूने, डाउनलोड केलेल्या दाखल्यावरची अधिकाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी खरी आहे का हे फायरफॉक्स तपासून दाखवत नाही. त्यासाठी ॲडोबी रीडर ठेवावाच लागतो. पानं जोडणं, पानांचा क्रम बदलणं हेही १४० मध्ये नाही.

गोव्यातल्या दुकानांसाठी आणखी एक उपयोग सांगते, जो बाहेरच्यांच्या लक्षात येणार नाही. आजोबांचा जन्म पोर्तुगीज काळात नोंदलेला, म्हणून तिकडची कागदपत्रं करणारी माणसं आमच्याकडेही येतात, आणि पोर्तुगालच्या सरकारी साइटची पानं पोर्तुगीजमध्ये असतात. फायरफॉक्स पोर्तुगीज पानाचं इंग्रजी करून देतो, आणि ते भाषांतर आपल्याच यंत्रावर होतं. पानावरचा मजकूर कुणाच्या सर्व्हरवर जात नाही. भाषेची फाईल पहिल्यांदा एकदा उतरते, तेवढीच. ज्या पानावर कुणाच्या आईवडिलांची नावं आणि जन्मतारखा आहेत, ते पान भाषांतरासाठी बाहेर पाठवायला मी एरवी तयार झाले नसते. इंग्रजी ओबडधोबड असतं आणि स्कॅन केलेल्या जुन्या नोंदींना त्याचा उपयोग नाही, पण कोणती चौकट कशाची हे कळायला पुरतं.

देवनागरीच्या बाबतीत थोडं गोड, थोडं कडू. फायरफॉक्सचे मेनू मराठीत मिळतात, आणि डेबियनच्या यंत्रावर मी ते मराठीतच ठेवले आहेत. ज्या नव्या ओळींचा अनुवाद झालेला नसतो त्या इंग्रजीत दिसतात. अनुवाद हौशी लोक करतात, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही, मदत करायला आहे. मराठी विकिपीडियाचा पत्ता वरच्या पट्टीत देवनागरीत दिसतो, पण तो कॉपी करून कुणाला पाठवला की टक्क्याच्या चिन्हांची आणि आकड्यांची हातभर माळ जाते. यावर फायरफॉक्समध्ये उपाय आहे: पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट:कॉन्फिग' (about:config) उघडून 'डीकोड-यूआरएल्स-ऑन-कॉपी' (decodeURLsOnCopy) ही सेटिंग शोधायची आणि चालू करायची. मग पत्ता जसा दिसतो तसाच, देवनागरीत कॉपी होतो. ही सोय अशी आत दडवून ठेवण्याजोगी नाही. मराठी, हिंदी, कोकणी लिहिणाऱ्या प्रत्येकाला ती सुरुवातीपासून चालू मिळायला हवी.

कडू भाग बोलून टायपिंग करण्याचा. गूगल डॉक्समध्ये मराठीत बोलून लिहिता येतं आणि माझं लांब मजकुराचं काम, भजनी मंडळाच्या अहवालापासून लग्नपत्रिकेच्या मसुद्यापर्यंत, त्यावर चटकन होतं. फायरफॉक्समध्ये ते चालत नाही. क्रोम, एज किंवा सफारी लागतो. वेब पानाला आवाज ओळखून मजकूर देणारी जी सोय लागते ती फायरफॉक्समध्ये नाही. गूगलचे दस्तऐवज इंटरनेटशिवाय संपादित करणंही फायरफॉक्समध्ये होत नाही. ही मोठी उणीव आहे आणि मराठीत भरपूर लिहिणाऱ्याला ती रोज जाणवेल. लेखन हेच ज्यांचं मुख्य काम आहे, त्यांना मी फायरफॉक्सची शिफारस एवढ्या जोरात करणार नाही.

साइट न चालण्याचे प्रसंगही येतात. काही पोर्टलं सुरुवातीलाच "क्रोम वापरा" असा फलक लावतात; त्यातली बरीचशी फायरफॉक्समध्ये नीट चालतात, फक्त बनवणाऱ्याने तपासलेलं नसतं. काही खरोखरच अडतात, विशेषतः डिजिटल स्वाक्षरीची यूएसबी टोकन लागणारी, कारण टोकनसोबतचं सॉफ्टवेअर एकाच ब्राउझरपुरतं लिहिलेलं असतं. वेब पानातून थेट यूएसबी उपकरणाशी बोलण्याची सोय फायरफॉक्सने मुळात घेतलेलीच नाही, सुरक्षेच्या कारणासाठी. मला ते कारण पटतं, पण समोर टोकन घेऊन बसलेल्या ठेकेदाराला ते सांगून उपयोग नसतो. तेव्हा दुसरा ब्राउझर उघडायचा. पैसे भरायच्या पानावर अडलं तर आधी पत्त्याशेजारचं ढालीचं चिन्ह दाबून त्या साइटपुरतं माग काढणं रोखणारं संरक्षण बंद करून पाहावं, निम्म्या वेळा तेवढ्याने सुटतं. आणि मेनूमध्ये बिघडलेल्या साइटची तक्रार पाठवायचा पर्याय आहे. मी तो नेटाने वापरते. आपल्याकडच्या साइटबद्दल आपण कळवलं नाही तर दुसरं कोण कळवणार?

जाहिरातींचा मुद्दा माझ्या दृष्टीने सुरक्षेचा आहे. बारावीच्या निकालाच्या दिवशी मुलं दुकानात येतात, निकालाची साइट शोधतात, आणि वरती दिसतात त्या जाहिराती. हिरवं मोठं "डाउनलोड" बटण, त्यामागे भलतंच काही. युब्लॉक ओरिजिन हे ॲड-ऑन ती बटणं दिसूच देत नाही. क्रोमने ॲड-ऑनसाठी मॅनिफेस्ट व्ही३ नावाचे नवे नियम आणले आणि जुन्या पद्धतीची ॲड-ऑन २०२५ मध्ये बंद पाडली, त्यात युब्लॉक ओरिजिन गेलं. त्याची हलकी आवृत्ती तिथे चालते, पण तिचे हात बांधलेले आहेत. फायरफॉक्सने दोन्ही पद्धती चालू ठेवल्या आहेत, आणि मूळ युब्लॉक ओरिजिन पूर्ण ताकदीने चालतं. अँड्रॉइड फोनवरच्या फायरफॉक्सवरही ते बसतं. फोनवरच्या क्रोममध्ये ॲड-ऑन बसतच नाहीत. एवढ्या एका कारणासाठी मी माझ्या आईच्या फोनवर फायरफॉक्स घातला.

आता मोझिलाबद्दल, कारण ब्राउझर चांगला म्हणून संस्थेच्या चुका झाकायच्या नाहीत. जुलै २०२४ मध्ये १२८ व्या आवृत्तीत जाहिरातींचा परिणाम मोजणारी एक यंत्रणा आली, आणि ती न विचारता चालू होती. खासगीपणा जपण्याची पद्धत तिच्यात होती हे खरं, पण आधी विचारायला हवं होतं. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये वापराच्या नव्या अटी आल्या. त्यांतलं एक वाक्य असं होतं की तुम्ही फायरफॉक्समध्ये जे टाकता ते वापरण्याचा परवाना मोझिलाला देता. त्याच सुमाराला तुमची माहिती कधीच विकणार नाही हे जुनं वचनही साइटवरून काढलं गेलं. लोक संतापले, आणि काही दिवसांत वाक्य बदललं. माझ्यासारख्या दुकानदाराला, जिच्या कीबोर्डवरून दुसऱ्यांचे आधार क्रमांक जातात, असं वाक्य वाचून धक्काच बसतो. बदललं ते चांगलं केलं, पण मुळात वकिलाने लिहिलेलं ते वाक्य कुणीतरी वापरणाऱ्याच्या डोळ्यांनी वाचायला हवं होतं. पॉकेट ही लेख साठवून ठेवण्याची सेवा ८ जुलै २०२५ ला बंद झाली. १४० मध्ये तिचं बटण निघालं, ती जागा मोकळी झाली याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते याचं की मोझिलाचं बहुतेक उत्पन्न आजही गूगलकडून, फायरफॉक्समध्ये गूगलचं शोध-इंजिन आधीपासून ठेवण्याबद्दल येतं. ज्याच्याशी स्पर्धा, त्याच्याच पैशांवर घर.

तरीही मी या ब्राउझरच्या बाजूने का बोलते, तर तो मुक्त स्रोत आहे याचा मला प्रत्यक्ष उपयोग दिसतो. नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या कंपनीने आपला कोड ३१ मार्च १९९८ ला सगळ्यांसाठी खुला केला, त्यातून मोझिला उभी राहिली, आणि ९ नोव्हेंबर २००४ ला फायरफॉक्स १.० आला. अकरावीत गोवा सरकारच्या सायबरेज योजनेतून घरी संगणक आला, तेव्हा वेब म्हणजे इंटरनेट एक्सप्लोरर एवढंच आम्हाला माहीत होतं. साइटही त्याच्याचसाठी लिहिलेल्या असत, आणि दुसऱ्या कशात उघडल्या तर कोसळत. त्या एकाच ब्राउझरच्या सवयीमुळे कितीतरी सरकारी साइट पुढे वर्षानुवर्षं अडकून पडल्या. नंतर ओपेराने आपलं इंजिन, म्हणजे पान पडद्यावर मांडणारा ब्राउझरचा गाभा, २०१३ मध्ये सोडलं, मायक्रोसॉफ्ट एज जानेवारी २०२० मध्ये क्रोमियमवर गेला, ब्रेव्हही त्यावरच. मोठी इंजिनं तीनच उरली: गूगलचं ब्लिंक, ॲपलचं वेबकिट आणि मोझिलाचं गेको. यातलं विंडोजवर आणि लिनक्सवर नेहमीच्या माणसाला सहज मिळणारं, ब्लिंक नसलेलं इंजिन म्हणजे गेको. ते गेलं तर "क्रोम वापरा" हा फलक लावायचीही गरज उरणार नाही. आणि कोड खुला असल्यामुळे मोझिला चुकली तरी काम वाया जात नाही. लिब्रवुल्फवाल्यांनी मोझिलाची माहिती गोळा करणारी यंत्रणा काढून आपली आवृत्ती केली आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेला टॉर ब्राउझर १५ याच १४० ईएसआरवर उभा आहे. ज्यांच्या जिवाला धोका असतो असे पत्रकार जो ब्राउझर वापरतात, त्याचा पाया माझ्या दुकानातल्या जुन्या यंत्रावर चालतो आहे.

विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. फायरफॉक्स त्यावर पुढेही दुरुस्त्या देत राहणार आहे. पण ब्राउझर सुरक्षित म्हणजे यंत्र सुरक्षित असं नाही. विंडोजच्या वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांची नोंदणी करून घ्या, किंवा डेबियनसारखं काही टाका, त्यात फायरफॉक्स ईएसआर आधीपासूनच असतो. ज्यांच्याकडे अजून विंडोज ७ किंवा ८.१ आहे त्यांच्यावर १४० बसणारच नाही. त्यांच्यासाठी मोझिलाने जुनी ११५ ईएसआर वेगळी चालू ठेवली होती आणि तिची मुदत अनेकदा वाढवली, पण लोकांची कागदपत्रं ज्या यंत्रावर हाताळायची ते यंत्र त्यावर ठेवू नये असं माझं सांगणं आहे.

बसवल्यावर दुकानाच्या यंत्रावर मी लगेच करते ते असं. पासवर्ड साठवायला विचारणं बंद. कार्ड आणि पत्ते आपोआप भरणं बंद. बंद होताना कुकी पुसणं चालू. नव्या टॅबवरच्या प्रायोजित चौकटी बंद, आणि मोझिलाला वापराची तांत्रिक माहिती पाठवणंही बंद. युब्लॉक ओरिजिन आणि मल्टी-अकाउंट कंटेनर्स ही दोनच ॲड-ऑन, दोन्ही मोझिलाच्या अधिकृत पानावरूनच. तिसरं ॲड-ऑन कितीही उपयोगी वाटलं तरी नाही, कारण ॲड-ऑनला पान वाचायची परवानगी असते आणि पानावर लोकांची माहिती असते. उभे टॅब 'जनरल' सेटिंगमध्ये 'ब्राउझर लेआउट'खाली आहेत. कंटेनर मी गिऱ्हाइकांच्या नावाने करत नाही, 'एक', 'दोन', 'तीन' असेच ठेवते, आणि माणूस उठला की त्याचा गट पुसून त्या कंटेनरच्या कुकी लगेच पुसते, संध्याकाळची वाट पाहत नाही.